युद्धाचे कॅमेरे: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात दुसऱ्या महायुद्धापासून कोरिया आणि इंडोचायनापर्यंतच्या युद्धछायाचित्रांवर लेख होता. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत छायाचित्रकारांपेक्षा त्यांच्या हातातल्या यंत्राबद्दल विचारणा आहे, आणि आम्हाला ती योग्य वाटते. छायाचित्रकार किती जवळ गेला, किती वेळा बटण दाबू शकला आणि चुकला तर कुठे चुकला, हे बरेचसे त्या यंत्राने आधीच ठरवून टाकलेले असे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (नाशिक): युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापाचे फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचे फोटो हललेले आणि धुरकट आहेत. लॅबमध्ये फिल्म वाळवताना वितळली म्हणून तसे झाले, असे वाचले. फिल्म खरेच वितळते का? त्यांच्याजवळ कॅमेरा कोणता होता?

उत्तर: कॅमेरा कॉन्टॅक्स टू. ६ जून १९४४च्या सकाळी ओमाहा किनाऱ्यावर (नॉर्मंडीच्या ज्या भागात अमेरिकी सैनिक उतरले तिथे) कापाजवळ असे दोन कॅमेरे होते, दोन्हींवर ५० मिलिमीटरची लेन्स. हे यंत्र जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या झाइस आयकॉन कंपनीने १९३६ मध्ये बाजारात आणलेले. जर्मनांशी लढणाऱ्या फौजेबरोबरचा माणूस जर्मन कॅमेरा वापरतो याचे तेव्हा कोणाला नवल वाटत नसे, कारण ३५ मिलिमीटर फिल्मवर काम करायचे तर त्या तोडीचे यंत्र दुसरीकडे मिळतच नव्हते. कॉन्टॅक्सचा पडदा, म्हणजे क्षणभर उघडून फिल्मवर उजेड पाडणारे शटर, धातूच्या बारीक पट्ट्यांचा, वरून खाली धावणारा, आणि कमाल वेग १/१२५० सेकंद. रेंजफाइंडरच्या (अंतर मोजून फोकस लावायच्या यंत्रणेच्या) दोन खिडक्यांमध्ये ९० मिलिमीटरचे अंतर असल्याने फोकस फार अचूक लागे. शिवाय फोकस पाहायची आणि चौकट जमवायची खिडकी एकच. लायका या दुसऱ्या जर्मन कॅमेऱ्यात तेव्हा फोकस एका भोकातून बघायचा आणि मग डोळा सरकवून दुसऱ्यातून चौकट धरायची. गोळ्यांच्या माऱ्यात या एका हालचालीचा फरक मोठा होता.

आता वितळण्याची गोष्ट. 'लाइफ' साप्ताहिकाच्या लंडन कचेरीचे चित्रसंपादक जॉन मॉरिस यांनी वर्षानुवर्षे सांगितली ती अशी: घाईत लॅबमधल्या मुलाने वाळवणीच्या कपाटाची दारे बंद करून उष्णता वाढवली, फिल्मवरचा थर वितळला आणि शंभराहून अधिक चित्रांपैकी अकराच वाचली. २०१४ पासून अभ्यासकांनी या कथेवर गंभीर आक्षेप घेतले. किनाऱ्यावर कापांनी तेवढेच फोटो काढले असणे शक्य आहे, हे पुढे मॉरिस यांनीही मान्य केले.

आमचे मतही आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचे आहे, आणि त्याचे कारण जिलेटिनच्या स्वभावात आहे. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. ओला असताना तो फुगतो आणि गरम पाण्यात मऊ पडतो. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात नळाच्या पाण्याने ज्यांनी घरी रोल धुतला आहे त्यांना हे ठाऊक असेल. २० अंशांच्या डेव्हलपरमधून फिल्म थेट ३५ अंशांच्या पाण्यात गेली की थराला सुरकुत्या पडतात, कडेने तो झालरीसारखा सुटतो आणि चित्रभर चिखल वाळून तडकल्यासारखी जाळी दिसते. जास्तच झाले तर थर ओघळतो. हे टाळायलाच फिक्सरमध्ये (चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात) तुरटी घालून थर कडक करण्याची पद्धत होती. म्हणजे उष्णतेने बिघडलेल्या थराची खूण ओघळ, जाळी आणि सुटलेली कड ही असते. कापाच्या त्या चित्रांत यातले काही दिसत नाही. दिसते ते एका दिशेने ओढलेले चित्र, आणि ते कॅमेरा किंवा माणूस हलल्याचे लक्षण आहे. फ्रेमच्या कडेला, छिद्रांच्या पट्टीत उतरलेली प्रतिमा हा थर घसरल्याचा पुरावा म्हणून दाखवतात. पण फिल्मची डबी कॅमेऱ्यात चपखल बसली नाही आणि फिल्म किंचित सरकून धावली तरी असेच होते.

मग चित्र हलले कशामुळे? हिशेब करून पाहा. सकाळची वेळ, आभाळ भरलेले. अशा उजेडात आजच्या १०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मच्या संवेदनशीलतेचे माप) फिल्मला साधारण एफ ४ इतके लेन्सचे छिद्र आणि १/६० सेकंद लागतो. कमरेएवढ्या पाण्यातून एखादा सैनिक सेकंदाला एक मीटर वेगाने आडवा चालला आहे आणि तो पाच मीटरवर आहे असे धरा. ५० मिलिमीटरच्या लेन्सने त्याची प्रतिमा फिल्मवर सेकंदाला १० मिलिमीटर सरकते. १/६० सेकंदात ती सरकली सुमारे ०.१७ मिलिमीटर. रेखीव दिसायला ही सरक ०.०३च्या आत हवी. १/५०० असता तर ०.०२ वर भागले असते, पण तेवढा उजेड नव्हता. त्यात लाटांनी ढकलले जाणारे स्वतःचे शरीर आणि थरथरते हात. त्या चित्रांचा धूसरपणा लॅबमधल्या कुणा पोराच्या माथी मारण्याची काहीच गरज नाही. ज्या स्थितीत ती काढली गेली तीच त्यांत उतरली आहे.

प्रश्न (मुंबई): चोरबाजारातून एक लायका घेतला. वर गरुड आणि स्वस्तिक कोरले आहे, पितळी सोनेरी रंग, बाजूला लाकडी पट्टी. विकणारा म्हणाला जर्मन हवाई दलाचा आहे. खरा कसा ओळखावा?

उत्तर: तुम्ही जे वर्णन केले आहे तेवढ्यावरूनच सांगतो, तो लायका नाही. युद्धकाळात कोणी वैमानिकाला सोनेरी, लाकूडजडित कॅमेरा देत नव्हते. जवळजवळ नक्कीच तो सोव्हिएत फेड किंवा झोर्की आहे, ज्याचा वरचा भाग नंतर घासून, मुलामा देऊन, नवी अक्षरे कोरून विकला गेला. असे कॅमेरे जगभरच्या जुन्या बाजारांत पडलेले आहेत.

तरी स्वतः खात्री करा. लेन्स डावीकडे फिरवून काढा. कॅमेऱ्याच्या तोंडात वरच्या बाजूला एक छोटा दांडा दिसेल. लेन्स पुढेमागे झाली की तो हलतो आणि रेंजफाइंडरला अंतर कळवतो. खऱ्या लायकात या दांड्याच्या टोकाला गोल, फिरणारे चाक असते. बोटाने हलकेच स्पर्श केला तर ते गरगरते. फेड आणि झोर्कीत तिथे न फिरणारी, पाचरीसारखी घडीव जीभ असते. बनावट करणारे बाहेरचे सगळे बदलतात, पण आतली ही जीभ सहसा तशीच राहते. आमच्या मते दुसरे काही न पाहता एवढे पाहिले तरी दहापैकी नऊ वेळा निकाल लागतो.

त्यानंतर पुढच्या बाजूला, लेन्सच्या शेजारी सावकाश वेगांची छोटी चकती आहे का ते बघा. लायका थ्री मालिकेत ती असते आणि तिच्यावर १ सेकंदापर्यंतचे वेग असतात. फेड आणि पहिल्या झोर्कीत ती नाही. एखाद्याने नुसती चिकटवली असेल तर ती फिरणार नाही किंवा फिरवून काही घडणार नाही. शेवटी क्रमांक पाहा. युद्धात जर्मन सैन्याला गेलेले बहुतेक लायका थ्री-सी जातीचे, आणि त्या जातीचे क्रमांक साधारण ३६०००० च्या पुढचे. हवाई दलाच्या खऱ्या कॅमेऱ्यावर त्या दलाच्या मालकीचा जर्मन मजकूर कोरलेला असतो, आणि बहुधा लेन्सवरही. काही थ्री-सी कॅमेऱ्यांच्या क्रमांकानंतर 'के' अक्षर असते. त्यांच्या पडद्याच्या यंत्रणेत गोळ्यांची बेअरिंग बसवलेली होती, म्हणजे थंडीत वंगण घट्ट झाले तरी पडदा अडकू नये. काहींचा पडदा काळ्याऐवजी तांबड्या कापडाचा आहे. तो दोष नव्हे, खराच तसा निघाला.

तुमचा फेड निघाला तरी तो टाकाऊ समजू नका. युक्रेनमधल्या खारकीव्ह येथे १९३४ पासून लायका टूची हुबेहूब नक्कल म्हणून फेड बनू लागला, आणि सोव्हिएत छायाचित्रकारांनी लायकाबरोबर त्याच्यावरही युद्ध टिपले. पडदा ठीक असेल तर आजही तो उत्तम फोटो काढतो. खऱ्या युद्ध-लायकाचे उदाहरण हवे तर सोव्हिएत छायाचित्रकार येव्हगेनी खाल्देई यांचा लायका थ्री. २ मे १९४५ रोजी बर्लिनच्या राइखस्टागवर (जर्मन संसदेच्या इमारतीवर) लाल झेंडा फडकवतानाचे चित्र त्याच्यावर काढले. झेंडा लाल टेबलक्लॉथचा शिवलेला होता. एका सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे दिसत होती. लुटीचा संशय नको म्हणून त्यातले एक निगेटिव्हवर सुईने खरवडून काढले गेले. तो कॅमेरा २०१४ मध्ये हाँगकाँगला लिलावात गेला. त्याची किंमत आली ती कोण वापरत होते याचा पुरावा सलग असल्यामुळे. नुसत्या कोरलेल्या गरुडाला तशी काही किंमत नसते.

प्रश्न (पुणे): इवो जिमा या जपानी बेटावर अमेरिकी सैनिकांनी झेंडा उभारतानाचा फोटो मोठ्या भात्याच्या स्पीड ग्राफिकवर काढला म्हणतात. एवढ्या बोजड कॅमेऱ्याने तो क्षण पकडला कसा? एक फोटो काढायला काय काय करावे लागे?

उत्तर: बरेच काही करावे लागे. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या ग्राफ्लेक्स कंपनीचा हा कॅमेरा, फिल्म ४ बाय ५ इंचाची. तिचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या फ्रेमच्या सुमारे पंधरापट. म्हणून दूरवरून काढून हवा तेवढा तुकडा कापून छापला तरी वर्तमानपत्रात चित्र स्वच्छ येई. इवो जिमाचे मूळ चित्रसुद्धा आडवे आहे; छापताना ते उभे कापले गेले.

पद्धत अशी. पुढचे दार खाली पाडून फळी करा, भाता ओढून लेन्सची पाटी अनंताच्या खुणेवर आणा आणि आवळा. मग ठरवा की लेन्समधले पुढचे शटर वापरायचे की फिल्मसमोरचा मागचा पडदा. कॅमेऱ्याला दोन्ही होती आणि नवशिक्यांची पहिली चूक इथेच होई. मागचा पडदा वापरायचा तर पुढचे शटर पूर्ण उघडे ठेवावे लागते, आणि पुढचे वापरायचे तर मागचा पडदा मोकळ्या जागेवर आणावा लागतो. एक विसरले की फिल्म कोरी. युद्धकाळातल्या नमुन्यात मागचा पडदा म्हणजे रबर लावलेल्या कापडाची लांब पट्टी. तिच्यात चार वेगवेगळ्या रुंदीच्या फटी, आणि स्प्रिंगचे सहा ताण. फट आणि ताण यांच्या जोड्यांनी २४ वेग मिळत. कोणती जोडी म्हणजे कोणता वेग याचा तक्ता कॅमेऱ्यावर ठोकलेला असे. इंचाच्या आठव्या हिश्श्याची सर्वांत अरुंद फट आणि सहावा ताण म्हणजे १/१०००. ही फट वरून खाली सरकत जाते, म्हणून आडवी वेगाने पळणारी गाडी टिपली तर तिची चाके तिरपी लंबगोल दिसतात.

फोकस बाजूच्या रेंजफाइंडरमधून, चौकट वरच्या तारेच्या फ्रेममधून. मग मागे फिल्मची पेटी सरकवा. एका लाकडी पेटीत दोन बाजूंना दोन फिल्म. काळी पाटी ओढून काढा, फोटो घ्या, पाटी उलटी करून परत घाला, पेटी पालटा. पाटीच्या दांडीची एक बाजू पांढरी आणि एक काळी. पांढरी बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाहेर म्हणजे वापरलेली. पाटी काढायलाच विसरणे हा या कॅमेऱ्याचा नित्याचा अपघात. १९४६ मध्ये 'लाइफ'च्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचे चरख्याजवळचे चित्र घेत असताना त्यांना मोजून तीन फ्लॅशबल्ब वापरण्याची मुभा होती. त्यांच्याच सांगण्यानुसार एक फ्लॅश फुकट गेला, एकदा पाटी काढायची राहिली, आणि हाती आला तो उरलेल्या बल्बवरचा फोटो. उत्तर आफ्रिका आणि इटलीचे युद्ध टिपून आलेल्या कसलेल्या बाईंची ही गोष्ट.

इवो जिमाचा फोटो काढणारे जो रोझेन्थाल यांनी २३ फेब्रुवारी १९४५ला तिथल्या सुरिबाची डोंगरावर लाकडी पेटीऐवजी फिल्म-पॅक वापरला. पत्र्याच्या चपट्या डबीत बारा पातळ फिल्म, प्रत्येकीला कागदाची शेपटी. फोटो झाला की शेपटी ओढायची. फिल्म आत वळसा घेऊन मागे जाते आणि नवी पुढे येते. बाहेर आलेली शेपटी फाडून टाकायची. पेटी पालटण्यापेक्षा हे किती तरी जलद. पण शेपटी झटक्याने ओढली तर कोरड्या हवेत घर्षणाने वीज चमकून फिल्मवर फांद्यांसारख्या रेषा उमटतात, आणि तिरकी ओढली तर फिल्म अडते. फिल्म पातळ असल्याने फुगून बाक येई, तोही फोकसला मारक.

त्यांचा वेग १/४०० आणि लेन्सचे छिद्र एफ ८ ते ११च्या मध्ये. म्हणजे भरपूर उजेड आणि खोल फोकस. रोझेन्थाल ठेंगणे होते, म्हणून समोरचे दिसावे यासाठी दगड आणि वाळूचे पोते रचून त्यावर चढले. खांब वर जाताना दिसला तसा कॅमेरा फिरवला आणि एकदाच बटण दाबले. दुसरी संधी नव्हती. शेपटी ओढून पडदा पुन्हा चढवेपर्यंत झेंडा उभा राहिलेला असता. नंतर सैनिकांना झेंड्याखाली गोळा करून त्यांनी मुद्दाम उभे केलेले दुसरे चित्र घेतले. त्या चित्राविषयीचे बोलणे पहिल्यावर चिकटले आणि 'फोटो बनाव होता' ही अफवा आजतागायत फिरते. ती खोटी आहे. शेजारीच बिल जेनॉस्ट हे अमेरिकी मरीन दलाचे सैनिक तोच प्रसंग रंगीत चलच्चित्रावर घेत होते. त्यांची फिल्म पाहिली की शंका उरत नाही.

प्रश्न (कोल्हापूर): पोटाशी धरून वरून बघायच्या रोलीफ्लेक्सने युद्धात काम कसे होई? आमच्याकडे एक आहे. रोल घातला की तो थेट शेवटपर्यंत फिरतो, पहिल्या आकड्यावर थांबत नाही.

उत्तर: आधी तुमची अडचण. तुमचा ऑटोमॅट जातीचा असावा. त्यात कागदाचे टोक तळाशी असलेल्या दोन जवळजवळच्या रुळांच्या मधून न्यावे लागते. कागदाला फिल्म जिथे चिकटवली आहे तिथली वाढलेली जाडी त्या रुळांना कळते आणि तिथून मोजणी सुरू होते. तुम्ही कागद रुळांच्या वरून नेत आहात, म्हणून यंत्राला फिल्म आल्याचे कळतच नाही. मधून न्या, झाकण लावा, दांडी पुढे फिरवा. १ वर आपोआप थांबेल. आणखी एक जपा: कॉम्पूर शटरवर १/५०० हवा असेल तर तो शटर चढवण्यापूर्वी लावा. त्या वेगासाठी वेगळी जादा स्प्रिंग असते. चढवल्यावर जोराने लावायला गेलात तर आतले भाग मोडतात.

युद्धात त्याचे दोन फायदे. शटर लेन्समध्येच असल्याने आवाज जवळजवळ नाही, आणि डोळ्याला कॅमेरा न लावल्याने समोरच्याला आपण टिपले जातोय हे लगेच जाणवत नाही. तोटे असे की खिडकीत डावे-उजवे उलटे दिसते, म्हणून पळता माणूस धरताना हात चुकीच्या दिशेला जातो. आणि रोल फक्त बारा फोटोंचा. त्यामुळे रोलीफ्लेक्सची युद्धचित्रे बहुधा चकमक थांबल्यानंतरची, स्थिर आणि चौकोनी आहेत. अमेरिकी छायाचित्रकार ली मिलर यांचे १९४४-४५चे काम पाहा. ३० एप्रिल १९४५ला डाखाऊची छळछावणी टिपून त्याच दिवशी त्या म्युनिकमधल्या हिटलरच्या घरी पोचल्या. तिथे न्हाणीघरात त्यांचे सहकारी डेव्हिड शेरमन यांनी त्यांचा जो फोटो काढला, त्यात टबाजवळच्या पायपुसण्यावर चिखलाचे बूट आहेत. अशी जुळवलेली चौकट काचेवर वाकून बघतानाच सुचते.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या छायाचित्रकार होमाय व्यारावाला युद्धभूमीवर गेल्या नाहीत, पण १९४२ पासून दिल्लीत ब्रिटिश माहिती खात्यासाठी काम करताना त्यांच्या हातात याच दोन जाती होत्या, स्पीड ग्राफिक आणि रोलीफ्लेक्स.

प्रश्न (ठाणे): निकॉनचे नाव कोरियाच्या युद्धात झाले म्हणतात. खरे का?

उत्तर: खरे, पण आधी नाव झाले ते लेन्सचे. १९५० मध्ये 'लाइफ'चे डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. जपानी छायाचित्रकार जुन मिकी यांनी ८५ मिलिमीटरच्या निक्कोर लेन्सने काढलेला फोटो त्यांना दाखवला. तो पाहून डंकन निप्पॉन कोगाकूच्या (निकॉन बनवणाऱ्या कंपनीच्या) कारखान्यात गेले आणि आपल्या लायकावर निक्कोर लेन्स बसवून कोरियाला निघाले. त्याच वर्षी डिसेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये या जपानी लेन्सबद्दल छापून आले आणि मागणी उसळली. निकॉनचे कॅमेरेही कोरियात 'लाइफ'च्या छायाचित्रकारांनी वापरले, आणि ते थंडीत टिकले.

त्या हिवाळ्यात उत्तर कोरियातल्या चोसिन जलाशयाकडे पारा शून्याखाली ३० अंशांच्या आसपास गेला होता. अशा वेळी वंगण गोठून पडदा मंदावतो, फिल्म काचेसारखी ठिसूळ होऊन छिद्रांपाशी फाटते, जलद फिरवली तर ठिणग्यांच्या खुणा उमटतात. उपाय साधे: रोल आतल्या खिशात, फिल्म हळू फिरवणे, आणि गार कॅमेरा एकदम ऊबदार तंबूत न नेणे, कारण आत दव धरते. कोकणातल्या पावसाळ्यात एसी गाडीतून कॅमेरा बाहेर काढल्यावर लेन्स धुकाळते ती याच कारणाने. पिशवीतच अर्धा तास राहू द्यावा.

जुने निकॉन घेणाऱ्यांसाठी एक सूचना. त्याचा सांगाडा आणि लेन्स बसवायची खाच कॉन्टॅक्सच्या धर्तीवर, तर पडदा लायकासारखा कापडी. खाच सारखी असल्याने कॉन्टॅक्सची लेन्स त्यावर बसते, पण फोकसचे गणित किंचित वेगळे आहे. ३५ मिलिमीटरला फरक कळत नाही; ८५ किंवा १३५ मिलिमीटर पूर्ण उघडून जवळचे काढले तर डोळ्यांऐवजी कान रेखीव येतात. लेन्स बिघडली समजून ती उघडायला देऊ नका.

कापा २५ मे १९५४ रोजी इंडोचायनात (आजच्या व्हिएतनाममध्ये) थाय बिन्हच्या वाटेवर सुरुंगाने गेले, तेव्हा त्यांच्याजवळ कॉन्टॅक्स आणि निकॉन दोन्ही होते. काळ्यापांढऱ्यासाठी कॉन्टॅक्स, रंगीतसाठी निकॉन.

प्रश्न (सोलापूर): रंगीत फिल्म होती, तर युद्धाचे बहुतेक फोटो काळेपांढरे का?

उत्तर: कोडॅक्रोम या तेव्हाच्या रंगीत फिल्मचा वेग, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, फक्त १० होता (वर सांगितलेल्या फिल्मचा १००). भर उन्हातही एफ ५.६ आणि १/८०च्या आसपास; ढग आले की हातात धरून काढणे अवघड. त्यात धुण्याची प्रक्रिया इतकी किचकट की फिल्म कंपनीच्याच प्रयोगशाळेत पाठवावी लागे. साप्ताहिकाला तेवढा धीर नसे.

प्रश्न (रत्नागिरी): आजोबांचा लायका थ्री-ए कपाटात आहे. त्यावर पुन्हा फोटो काढायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर: पडद्यापासून. लेन्स काढा, खोलीत काळोख करा, खालचे झाकण काढून आत बारीक टॉर्च धरा आणि समोरून पडदा पाहा. चांदण्यासारखे ठिपके दिसले तर पडद्याला भोके आहेत आणि प्रत्येक फोटोवर पांढरे डाग येणार. काळा रंग लावून ती तात्पुरती बुजतात, पण रंगाने कापड ताठरते आणि वेग बिघडतो. पडदा बदलून घेणे हाच खरा इलाज. पडद्यावर किंवा चक्रांवर तेल मुळीच सोडू नका. मग लेन्समधून टॉर्चकडे पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. कोकणात ती असणारच असे धरून चाला. वरवरची असेल तर निघते, काच खाल्ली असेल तर डाग कायमचे. साफ झाल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्के. चामडी केसमध्ये पावसाळाभर ठेवणे सर्वांत वाईट, कारण चामडे ओल धरते.

वेगाची चकती फिल्म पुढे घेतल्यानंतरच, उचलून फिरवा. फोटो घेताना ती स्वतः फिरते, तिला बोट लागू देऊ नका. आत सरकणारी एल्मार लेन्स असेल तर ती पूर्ण बाहेर ओढून उजवीकडे अडकवा. विसरलात तर सगळा रोल धूसर येईल आणि खिडकीतून ते कळणारही नाही, कारण आपण लेन्समधून पाहत नसतो. झाकण लागलेले राहिले तरी तसेच.

फिल्म खालून जाते. बाजारातल्या रोलची जीभ आखूड असते, ती १० सेंटिमीटर लांब कापा, म्हणजे सुमारे २१ छिद्रे. कात्री दोन छिद्रांच्या मधून जाऊ द्या. छिद्र अर्धे कापले गेले तर तो तुकडा तुटून पडद्यात अडकतो. फिल्म भरल्यावर डावीकडची मूठ हलकी फिरवून ढिलाई काढा आणि पुढे घेताना ती मूठही फिरते का ते पाहा. फिरत नसेल तर फिल्म अडकलेलीच नाही. पहिला रोल १०० आयएसओचा घ्या, म्हणजे उन्हात १/१०० आणि एफ १६ वर काम होईल, आणि जुन्या पडद्यावर जलद वेगांचा भार पडणार नाही.

प्रश्न (अमरावती): जुन्या कॅमेऱ्यात अर्धा रोल तसाच आहे. काही निघेल का?

उत्तर: काळापांढरा असेल तर निघू शकते. कॅमेरा उजेडात उघडू नका. आधी बटण किंवा तरफ सोडून फिल्म हळूच उलटी गुंडाळा. जड लागले तर जोर करू नका, पूर्ण अंधारात उघडून हाताने गुंडाळा. डबीवर कोडॅक्रोम लिहिले असेल तर त्याची रंगीत प्रक्रिया २०१० च्या अखेरीस जगातून बंद झाली. आता ते काळेपांढरेच धुता येते, आणि मागचा काळा थर वेगळा काढावा लागतो. धुणाऱ्याला हे आधी सांगा. डबीवर काहीच लिहिले नसेल तर टोकाचा चार बोटे तुकडा कापून आधी तोच धुवायला सांगा, आणि त्यावर काय दिसते ते पाहून उरलेल्याची वेळ ठरवू द्या.